पोपटाच्या पेटीतली एक जागा

बातमी आली तेव्हा मी स्टुलावर उभा होतो आणि माझ्या हातात आमच्या बैठकीतली जुनी ट्यूब होती. अशा वेळी खिशातला फोन वाजला तर तो वाजू द्यावा, एवढी अक्कल पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असायला हरकत नाही. पण मी पडलो शाळेतला कारकून. फोन वाजला की उचलायचा, ही सवय अंगात मुरलेली. ट्यूब एका हातावर तोलून मी दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडे माझी भाची सुजाता होती. ती एवढंच म्हणाली, "मावसाजी, बाबा गेले." ट्यूब कधी सुटली ते मला कळलंच नाही. आवाज मात्र सगळ्या गल्लीने ऐकला.

गेले ते वामनदादा, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. आणि फुटली ती ट्यूब मी त्यांच्यासाठीच काढत होतो...

रंजना, माझी बायको, आवाज ऐकून झाडू घेऊन धावत आली आणि दारातच थबकली. तिने माझा चेहरा पाहिला, हातातला फोन पाहिला, फरशीवरची पांढरी भुकटी पाहिली. "भाऊजी?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्याच्याही आधी तिने झाडू मागे टाकला. "झाडू नाई लावायचा," ती म्हणाली. "पंखा बंद करा. खिडक्या उघडा. भायेर चला." बैठकीच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकून, आतलं दार ओढून घेऊन आम्ही दोघं अंगणात येऊन उभे राहिलो. ट्यूब फुटली की पंधरा मिनिटं त्या खोलीत कुणी जायचं नाही, हा वामनदादांनी आमच्या सगळ्या खानदानाला घालून दिलेला नियम. त्यांच्याच मरणाच्या बातमीसाठी तो कसा मोडायचा?

रंजना रडत होती, मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो. शेजारच्या शांताबाई कुंपणाशी आल्या. "काय झालं जी?" मी भांबावलेला. तोंडातून निघालं, "ट्यूब फुटली." शांताबाईंनी रडणाऱ्या रंजनाकडे पाहिलं, माझ्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अवो, एवढं कायले रडता? दुसरी आणा ना." त्यावर रंजनाला रडता रडता हसू फुटलं, मग मलाही. दुःखाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत माणूस आपल्या इंद्रवेल्लीतल्या घराच्या अंगणात उभा राहून हसतो, हे मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वेळ भरल्यावर आत गेलो. एक जुनी लग्नपत्रिका घेऊन तिच्या जाड कागदाने काचा गोळा केल्या, बारीक कण चिकटपट्टीने टिपले, ओल्या फडक्याने फरशी पुसली, आणि फडक्यासकट सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. हात धुतले. मग वामनदादांच्या गावाची, आदिलाबादची बस. पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि सगळे माझ्याकडे, मयतीला उशिरा आलेल्या जावयाकडे बघावं तसं बघत होते. ताईंच्या, म्हणजे वामनदादांच्या बायकोच्या, जवळ जाऊन मी खाली मान घालून खरं सांगून टाकलं. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या दिवशी मला पहिला प्रश्न विचारला, "खिडक्या उघडल्या होत्या ना?"

असा तो माणूस.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती मी रंजनाला बघायला गेलो तेव्हा. मी नवा शर्ट घालून ताठ बसलेलो. मोठे जावई आले की त्यांच्यावर छाप पाडायची, असं ठरवून आलेलो. वामनदादा आत आले आणि माझ्याकडे न बघता सरळ छताकडे बघत उभे राहिले. एवढा वेळ, की मीही वर बघायला लागलो. पाल असेल म्हटलं. ते म्हणाले, "कड काळी पडली." मग खाली बघून मला म्हणाले, "ट्यूबची म्हणतो जी. तुमची नाई." चहापोह्याच्या आधी त्यांनी सासऱ्यांच्या बैठकीतली ती ट्यूब उतरवली, आणि माझी पहिली परीक्षा म्हणजे खाली उभं राहून ती हातात घेणं. मी ती काठीसारखी धरली. "पोरगी धरा तशी धरा," ते म्हणाले. सासरे शेजारीच बसलेले. मला कुठे बघावं ते कळेना. आत रंजना हसल्याचं ऐकू आलं आणि माझं लग्न बहुतेक तिथेच ठरलं.

ते सरकारी दफ्तरात वायरमन होते. त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबले. घरात वीज आली तेव्हा वामनदादा शाळेत शिकत होते, आणि पहिला दिवा लागल्यावर त्यांची आई त्याच्याखाली बसून नुसतीच तांदूळ निवडत राहिली, खडे संपले तरी... ही गोष्ट ते दर वेळी सांगत आणि दर वेळी तांदळाची कधी डाळ व्हायची, कधी ज्वारी. दफ्तरात लागल्यावर जळालेल्या ट्यूबा ते इतरांसारख्याच कंपाउंडच्या मागे फेकायचे. एका संध्याकाळी ते घरी येत होते, तर त्याच उकिरड्याजवळ सुजाता आणि तिच्या मैत्रिणी ट्यूबा हातात घेऊन तलवारी खेळत होत्या. फटकन आवाज झाला, पांढरा धूर उडाला आणि पोरी खिदळल्या. वामनदादांनी तोवर दफ्तरातल्या इंजिनिअरसाहेबांच्या तोंडून ऐकलं होतं, की ट्यूबमध्ये पारा असतो, थोडासाच, पण तो हवेत जातो, पाण्यात जातो, आणि तिथून माणसात. ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. "माह्याच हातानं फेकलेल्या," ते मला म्हणाले होते, "अन् माह्याच पोरीच्या हातात." त्यांच्या तोंडून एवढं गंभीर वाक्य मी तेवढं एकच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकही ट्यूब फेकली नाही, आणि हळूहळू दुसऱ्या कुणाला फेकू दिली नाही.

सुरुवातीला त्या घरातच साठायच्या, पलंगाखाली. ताई म्हणायच्या, "लोकं पलंगाखाली सुटकेस ठेवतात, आमच्या घरी उजेड ठेवला हाय, मेलेला." मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की हैदराबादला ट्यूबा नीट मोडून त्यातला पारा वेगळा काढणारा कारखाना आहे. वामनदादा एक दिवस रजा टाकून तो बघून आले. परत आल्यावर त्यांनी तो आम्हाला असा सांगितला, की लग्नाचं वर्णनही कुणी इतकं रंगवून सांगणार नाही. बंद यंत्र असते. आतली हवा भायेर येत नाई. काच इकडे पडते, ॲल्युमिनियमच्या टोप्या तिकडे, भुकटी वेगळी. अन् मग भुकटी तापवून पारा. "थेंब पाहिला म्या," ते म्हणायचे. बोटांच्या चिमटीत नसलेला थेंब धरून दाखवायचे. आम्ही सगळे त्यांच्या रिकाम्या चिमटीकडे बघायचो.

तेव्हा मला वाटलं, आपणही साडभाऊंना मदत करावी. आमच्या शाळेत दिवे बदलले होते, जुन्या ट्यूबांचा ढीग व्हरांड्यात पडला होता. पण बसमध्ये एवढ्या लांब नळ्या न्यायच्या कशा? मी डोकं लढवलं. त्या पोत्यात घातल्या, वरून वीट मारली, आणि छानपैकी गुडघ्याएवढं पोतं करून, तोंड सुतळीने बांधून, अभिमानाने आदिलाबादला वामनदादांच्या दारात नेऊन ठेवलं. त्यांनी पोतं हलवून पाहिलं. आत खुळखुळ वाजलं. ते रागावले नाहीत. ते माझ्याकडे बराच वेळ, पहिल्या दिवशी छताकडे बघितलं होतं तसे बघत राहिले. मग म्हणाले, "साडभाऊ, सोयरे भाकर घेऊन येतात. तुमी चुरून आणली." सगळा पारा शाळेच्या व्हरांड्यातच उडून गेला होता, आणि थोडा माझ्या नाकात. मला त्यांनी अंगणात नेऊन बसवलं, दोनदा साबणाने हात धुवायला लावले, शर्ट वेगळा धुवायला सांगितला, आणि मग जेवायला वाढलं, भाकरच, अख्खी. त्या दिवसापासून फोन ठेवताना ते "बरं" किंवा "येतो" म्हणत नसत. म्हणायचे, "साबूत आणा, साडभाऊ."

आणि पेटी. आमच्यातल्या प्रत्येकाला वामनदादा आठवतात ते त्या पेटीसकट. सुजाताला निर्मल गावात मास्तरणीची नोकरी लागली तेव्हा तिच्या घरमालकाचा भाऊ लाकडी खेळणी करणारा निघाला. वामनदादांनी त्याला गाठलं आणि चार फुटांची एक पेटी करून मागितली. दोन्ही बाजूंना फळीत गोल भोकं, म्हणजे प्रत्येक ट्यूब आपल्या जागी बसेल. आत जाड प्लास्टिकचं अस्तर, झाकण घट्ट. खेळणी करतात त्याच हलक्या लाकडाची. त्या माणसाने सगळं सांगितल्यासारखं केलं, पण पेटी कोरी सोडणं त्याच्या हाताला जमेना. त्याने झाकणावर एक पोपट काढला. हिरवागार, लाल चोचीचा, आंब्याच्या फांदीवर बसलेला. "हे काऊन काढलं?" वामनदादांनी विचारलं. तो म्हणाला, पेटी आहे, पाहुण्यांसमोर जाईल, बरी दिसायला नको? वामनदादांना ते इतकं पटलं की पुढे पेटी कुठेही ठेवताना पोपटाचं तोंड लोकांकडे असलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असायचा.

ट्यूबांच्या मध्ये भरायला ते जिनिंगमधून कवडी आणायचे, म्हणजे डाग पडलेला, मार्केटात कुणी न घेणारा कापूस. मशिदीतली ट्यूब, देवळातली, विहारातली, मंगल कार्यालयातली, सगळ्या एकाच कापसात शेजारी शेजारी झोपायच्या. पेटी भरली की ते हैदराबादच्या बसला लागायचे. सकाळची बस, मागची लांब सीट. चार फुटांची पेटी आणि तिच्या शेजारी तिच्यावर हात ठेवून बसलेला गंभीर माणूस बघून लोकांना भलतीच शंका यायची. एकदा माझं आर्मूरला काम होतं म्हणून तिथवर मी सोबत होतो. कंडक्टरने हळू आवाजात तेलुगूत विचारलं, आत काय आहे. वामनदादा म्हणाले, "पात दीपालु." जुने दिवे. कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि पेटीला हात जोडले. त्याला कुठल्या देवाचे वाटले कोण जाणे. वामनदादांनीही उलट हात जोडले. आर्मूरपर्यंत त्या सीटवर दुसरं कुणी बसायला आलं नाही.

परत येताना पेटी रिकामी. पण घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी ते कुठून तरी एक जळालेली ट्यूब शोधून तिच्यात ठेवायचे. शेजारच्यांकडची, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली, एकदा तर स्वतःच्या न्हाणीघरातली, जी अजून चालू होती. "रिकामी पेटी घरात ठेवत नसते," असं त्यांचं म्हणणं. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, तसलं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. ताई न्हाणीघरात अंधारात चाचपडत ओरडत होत्या, आणि हे पेटीला कापूस लावत होते.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. छातीत दुखलं म्हणून नेलं होतं, आता बरं आहे, दोन दिवसांनी सोडतील, असं सगळे म्हणत होते. मी गेलो तेव्हा ते उताणे पडून छताकडे बघत होते, आणि मला कळलं की प्रकृती सुधारते आहे. "इथं सगळे एलईडी हायेत," ते जरा नाराजीने म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. पेटीत एकच जागा राहिली होती. ती जागा त्यांनी आमच्या बैठकीतल्या ट्यूबसाठी धरून ठेवली होती. तिची कड काळी पडल्याचं दिवाळीतच त्यांनी बघून ठेवलेलं. "ते काढून आणा. अन् या खेपेले पेटी तुमीच न्या. मले उचलू देत नाईत हे लोकं."

मी घाबरलो. इतक्या खेपा झाल्या, त्यांच्या हातून पेटीत एकही ट्यूब फुटली नव्हती. तेवढी एकच बढाई तो माणूस मारायचा. आणि आता ती बढाई माझ्या हातात देत होता, वीट मारून पोतं भरणाऱ्याच्या. मी म्हटलं, "दादा, सुजाताले सांगा ना. माह्या हातून काऊन?"

"तुमाले भेव वाटते म्हणून," ते म्हणाले. "तिले नाई वाटत. भेव वाटणारा माणूस हळू चालते." आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "साबूत आणा, साडभाऊ."

चौथ्या दिवशी मी स्टुलावर चढलो. पुढचं सांगितलंच आहे.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. पेटी बाहेरच्या खोलीत उभी होती, भरलेली, एक जागा सोडून. एक भंगारवाला येऊन विचारून गेला. टोप्यांचं ॲल्युमिनियम मी घेतो, बाकीचं फोडून टाकतो म्हणाला. ताईंनी त्याला पाणी दिलं आणि पोपट दाखवून परत पाठवलं. मग पेटी न्यायला मला ताईंचा निरोप आला. दिवस ठरला. निघायच्या आदल्या दिवशी इंद्रवेल्लीहून निघताना रंजनाने तीनदा बजावलं, ती बरणी विसरू नका, पारा तिच्यातही आहे, कारखान्यात तीही द्यायची. मी तीनदा हो म्हटलं.

बसमध्ये मागच्या सीटवर मी, पेटी आणि पेटीच्या पलीकडे ताई. त्या काही केल्या घरी राहायला तयार झाल्या नाहीत. निर्मलला सुजाता चढली. तिने चढल्या चढल्या वडिलांसारखंच पेटीच्या झाकणाला कान लावून ऐकलं. रस्त्यावर प्रत्येक गतिरोधक आला की मी सीटवरून अर्धा उठून पेटी दोन्ही हातांनी वर धरायचो. ताई म्हणाल्या, "तुमी बसा जी. पेटी बसून हाय, तुमीच उसळून राह्यले." हैदराबाद येईपर्यंत माझी कंबर गेली होती.

कारखान्यातले करीमभाई आम्हाला ओळखत नव्हते, पोपटाला ओळखत होते. त्यांनी आमच्या मागे बघितलं. "वामनभाई नई आए?"

मी पेटी खाली टेकवली. ताईंनीच उत्तर दिलं, "वो नई आते अब. पेटी आई है."

करीमभाईंनी झाकणावरच्या पोपटावरून हात फिरवला. मग म्हणाले, झाकण नेहमी तेच उघडायचे, आज तुम्ही उघडा. ते माझ्याकडे बघत होते. मी खाली बसलो. कडी काढताना मला वाटलं, इथवर सांभाळून आणलेलं मी आता उघडतानाच फोडणार. झाकण वर झालं. कापूस बाजूला केला. एकेक ट्यूब बाहेर आली, करीमभाईंनी उजेडात धरून पाहिली, शेजारच्याकडे दिली. शेवटची निघाली तीसुद्धा अख्खी. "सब साबूत," करीमभाई म्हणाले. मी उठलो, डोकं वरच्या रॅकला थाडकन आपटलं, आणि सुजाता म्हणाली, "मावसाजी सोडून."

मग करीमभाईंनी ताईंना एक बंद बाटली दाखवली. तळाशी पारा होता. ताईंनी ती हलवली, तो पळाला, पुन्हा गोळा झाला. वर्षानुवर्षं रिकाम्या चिमटीत पाहिलेला तो थेंब त्या पहिल्यांदा बघत होत्या. "एवढुसा," त्या म्हणाल्या, "अन् माह्या माणसाले जन्मभर नाचवलं यानं." आणि कितीतरी दिवसांनी त्या मोकळ्या हसल्या. निघताना मला म्हणाल्या, पेटी तुमीच न्या घरी. माह्या दारात कोणी ट्यूब आणली, का तुमाले फोन करीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इंद्रवेल्लीला उतरलो. पेटी डोक्यावर, पोपट पुढे. गल्लीतून येताना मला वाटत होतं, आयुष्यात एक काम तरी आपण धड केलं. व्हरांड्यात पेटी ठेवली, पाणी प्यालो, रंजनाला सगळं सांगितलं, करीमभाई, झाकण, सब साबूत. ती ऐकत होती, डोळे पुसत होती, मधेच हसत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "अन् बरणी?"

...बरणी मागच्या ओसरीत, कपाटाच्या माथ्यावर, विसरू नये म्हणून मी अगदी नीट ठेवली होती तिथेच होती.

मी चप्पल न काढता पायरीवर बसलो. त्यांनी माझ्यासाठी राखलेली एक जागा, तिच्यात बसायची ट्यूब मी फोडली. आणि तिच्या काचा न्यायच्या तर त्याही घरीच राहिल्या. रंजना उठून आत गेली, बरणी घेऊन आली. पदराने पुसली, झाकण घट्ट आहे का बघितलं. मग पेटी उघडून, उरलेल्या कापसात खळगा करून तिने ती आत बसवली, कडी लावली, आणि पोपटाचं तोंड दाराकडे केलं.

"तोंड कायले पाडून बसले?" ती म्हणाली. "रिकामी पेटी घरात ठेवत नसते म्हणायचे ना भाऊजी. पैला नग तुमचाच झाला. आता बाकीचे साबूत आणा."